नेपरव्हिलमधली स्कूल बोर्डाची निवडणूक: नव्याने आलेल्या मराठी पालकांसाठी

आपल्याकडे ‘बोर्ड’ म्हटलं की दहावी-बारावीची परीक्षा डोळ्यांसमोर येते. बोर्डाचा पेपर, बोर्डाचा निकाल, बोर्डात आलेली मुलं. त्यामुळे नेपरव्हिलला राहायला आल्यावर मार्च महिन्यात लोकांच्या अंगणात ‘अमुक फॉर स्कूल बोर्ड’ अशा पाट्या दिसू लागल्या, की नव्या माणसाला उलगडा होत नाही. परीक्षा मंडळासाठी कुणी मतं कशाला मागेल?

इथलं बोर्ड परीक्षा घेत नाही. ते शाळा चालवतं. आपल्या मुलांची शाळा किती वाजता भरणार, कुठल्या गल्लीतलं मूल कुठल्या शाळेत जाणार, सुपरिंटेंडेंट (सगळ्या शाळांचा प्रशासकीय प्रमुख) कोण असणार, शिक्षकांशी पगाराचा करार काय होणार, दिवाळीला सुटी असणार की नाही आणि आपल्या घरावर शाळेसाठी किती कर लागणार, हे सगळं बोर्डाचे सात सदस्य ठरवतात. त्यांना निवडून देण्याच्या मतदानाच्या दिवशी इथले बहुसंख्य नोंदणीकृत मतदार फिरकतसुद्धा नाहीत. आपण मराठी लोक घर घेताना शाळेचं रेटिंग दशांशापर्यंत तपासतो आणि त्या शाळा चालवणाऱ्या सात जणांपैकी एकाचंही नाव आपल्याला ठाऊक नसतं. मला हे मनापासून खटकतं, म्हणून हा लेख.

नेपरव्हिल शिकागोच्या पश्चिमेला साधारण ३० मैलांवर. २०२० च्या जनगणनेत लोकसंख्या १,४९,५४०. खालची सगळी माहिती इलिनॉय राज्याच्या नियमांची आहे. टेक्सास, न्यू जर्सी किंवा कॅलिफोर्नियात राहणाऱ्यांनी तिथले नियम वेगळे पाहावेत. शिकागो शहरातल्या मित्रांकडून ऐकलेलंही इथे लागू करू नका. तिथलं संपूर्ण बोर्ड नोव्हेंबर २०२४ च्या निवडणुकीपर्यंत महापौर नेमत असे, आणि तिथली सगळी व्यवस्थाच निराळी आहे.

पायरी १: आपला डिस्ट्रिक्ट कुठला, ते आधी शोधा

स्कूल डिस्ट्रिक्ट म्हणजे एका बोर्डाच्या हाताखालचा शाळांचा इलाखा. पत्त्यात ‘नेपरव्हिल’ लिहिलं आहे म्हणून शाळा नेपरव्हिल डिस्ट्रिक्टच्याच असतील, असं नाही. शहराची हद्द आणि स्कूल डिस्ट्रिक्टची हद्द यांचा एकमेकींशी संबंध नाही. शहराचा मोठा भाग दोन डिस्ट्रिक्टांत विभागलेला आहे. एक नेपरव्हिल २०३, ज्यात नेपरव्हिल सेंट्रल आणि नेपरव्हिल नॉर्थ ही हायस्कूलं येतात. दुसरा इंडियन प्रेअरी २०४, ज्यात वॉबॉन्सी व्हॅली, न्यूक्वा व्हॅली आणि मटिया व्हॅली येतात. २०४ मध्ये ऑरोराचा बराच भाग आहे, शिवाय बोलिंगब्रुक आणि प्लेनफिल्डचाही थोडा. उलट कडेकडेच्या काही नेपरव्हिलकरांच्या शाळा तिसऱ्याच डिस्ट्रिक्टात जातात.

घर स्वतःचं असेल तर प्रॉपर्टी टॅक्सचं बिल काढा. त्यात एकेका संस्थेच्या नावापुढे तिचा वाटा लिहिलेला असतो: काउंटी (साधारण आपल्या जिल्ह्यासारखी), टाउनशिप, पार्क डिस्ट्रिक्ट, लायब्ररी, कॉलेज ऑफ ड्यूपेज आणि शाळा. शाळेच्या ओळीत आपल्या डिस्ट्रिक्टचा क्रमांक मिळेल. त्याच वेळी तो आकडा नीट पाहून घ्या. बिलाचा निम्म्याहून जास्त भाग त्या एका ओळीत असतो. भाड्याने राहत असाल तर काउंटी क्लर्कच्या (काउंटीत निवडणुकांचं काम पाहणाऱ्या अधिकाऱ्याच्या) वेबसाइटवर पत्ता टाकून डिस्ट्रिक्ट कळतो. (भाडेकरूला टॅक्स लागत नाही, असं समजू नका. घरमालक तो भाड्यातूनच वसूल करतो.)

आपली काउंटी कुठली, हेही याच वेळी पाहून ठेवा. नेपरव्हिलचा उत्तर आणि मधला भाग ड्यूपेज काउंटीत येतो, दक्षिणेकडचा विल काउंटीत. ड्यूपेजचं निवडणूक कार्यालय व्हीटनला, विलचं जोलिएटला. एकाच डिस्ट्रिक्टचे दोन मतदार दोन वेगवेगळ्या कार्यालयांच्या कारभाराखाली मत देतात.

पायरी २: आपल्याला मताचा हक्क आहे का? ही पायरी घाईने वाचू नका

स्कूल बोर्डाच्या निवडणुकीत फक्त अमेरिकी नागरिक मत देऊ शकतात. एच-१बी, एच-४, एल-१, विद्यार्थी व्हिसा आणि ग्रीन कार्ड यांपैकी काहीही असेल तर मत देता येत नाही. मूल त्या शाळेत शिकत असलं, दहा वर्षं टॅक्स भरलेला असला, तरी नाही.

सॅन फ्रान्सिस्कोत राहणारी एखादी मैत्रीण म्हणेल, आम्हाला तर चालतं. तिचं बरोबर आहे. तिथे २०१६ साली लोकांनी तसा ठराव मंजूर केला आणि २०१८ पासून नागरिक नसलेले पालक त्या शहराच्या स्कूल बोर्डासाठी मत देतात. शिकागोतही एकेका शाळेच्या स्थानिक परिषदेच्या निवडणुकीत पालकांना नागरिकत्वाची अट नाही. नेपरव्हिलमध्ये यातलं काहीच लागू नाही.

खरा धोका मतदानाच्या दिवशी नसतो, तो नोंदणीच्या वेळी असतो. इलिनॉयमध्ये ड्रायव्हिंग लायसन्स काढायला किंवा नूतनीकरणाला जाता तेव्हा मतदार नोंदणीचा प्रश्न समोर येतो. रांगेत उभं राहून कंटाळलेले असतो, कर्मचारी भराभर विचारत असतो आणि आपण पुढे-पुढे ‘हो’ म्हणत जातो. तिथे थांबा. ‘तुम्ही अमेरिकेचे नागरिक आहात का?’ याला नागरिक नसताना ‘हो’ म्हणणं म्हणजे नागरिकत्वाचा खोटा दावा. इमिग्रेशन कायद्यात याला जवळजवळ माफी नाही. ग्रीन कार्ड अडकू शकतं, देश सोडायची वेळ येऊ शकते. मत दिलं तर गोष्ट आणखी गंभीर, आणि ती निवडणूक फक्त स्थानिक होती, या सबबीचा उपयोग होत नाही. पुढे नागरिकत्वाचा अर्ज भरताना ‘कधी मतदार म्हणून नोंदणी केली होती का, मत दिलं होतं का’ असा प्रश्न ठळकपणे विचारला जातो.

आपण ‘नाही’ म्हटलं तरी घरी आलेलं प्रत्येक पत्र उघडून पाहा. आपण नागरिक नाही असं स्वतः सांगितलेल्या ५७४ जणांची नावं संगणकीय चुकीमुळे राज्याच्या निवडणूक कार्यालयाकडे गेली होती, हे जानेवारी २०२० मध्ये उघड झालं. मतदार कार्ड घरी आलं आणि आपण नागरिक नसलो, तर ते कौतुकाने फ्रिजवर लावू नका आणि मत तर अजिबात देऊ नका. आधी इमिग्रेशन वकिलाशी बोला, मग त्यांच्या सल्ल्याने नाव काढून घेण्याचं पत्र लिहा. तो सगळा पत्रव्यवहार जपून ठेवा, पुढे कामाला येतो.

आणखी दोन गोष्टी सहज हातून होतात. गणेशोत्सवात किंवा मुलांच्या सॉकरच्या मैदानावर ओळखीचं कुणी कागद पुढे करतं, ‘मी बोर्डासाठी उभा राहतोय, एक सही कर ना.’ ते पिटिशन, म्हणजे उमेदवारीसाठी मतदारांच्या सह्यांचा अर्ज असतो. त्यावर फक्त त्या डिस्ट्रिक्टच्या नोंदणीकृत मतदाराची सही चालते. आपण मतदार नसू तर प्रेमाने नाही म्हणावं. त्या उमेदवाराचाही त्यात फायदाच आहे, कारण चुकीच्या सह्यांवर हरकत येते. सह्या गोळा करायला फिरणारी व्यक्तीही नागरिकच असावी लागते.

दुसरी गोष्ट पैशांची. ग्रीन कार्ड नसलेल्या, म्हणजे व्हिसावर असलेल्या माणसाने अमेरिकेतल्या कुठल्याही निवडणुकीत देणगी देऊ नये, खर्च करू नये. हा नियम संघराज्याच्या कायद्याचा आहे आणि तो गावपातळीपर्यंत लागू होतो. मित्राच्या प्रचाराच्या पाट्या आपल्या क्रेडिट कार्डावर छापून देणं हाही खर्चच. ग्रीन कार्डधारक देणगी देऊ शकतात. व्हिसावर असाल तर विनामोबदला अंगमेहनतीची मदत करता येते: पत्रकं वाटणं, खुर्च्या मांडणं, फोन करणं. प्रचाराचे निर्णय मात्र आपण घ्यायचे नाहीत.

पायरी ३: मत नसलं तरी काय काय करता येतं

या पायरीवर मला सर्वांत जास्त बोलायचं आहे. भारतातून आलेल्या माणसाचं ग्रीन कार्ड येईपर्यंत मुलं किंडरगार्टनमधून हायस्कूलच्या बाहेर पडतात. ‘नागरिक झालो की बघू’ असं म्हटलं, तर आपल्या मुलांचं शालेय आयुष्य संपून गेलेलं असतं.

बोर्डाच्या बैठका सगळ्यांना खुल्या असतात. इलिनॉयच्या ओपन मीटिंग्ज कायद्यानुसार बैठकीत लोकांना बोलण्याची संधी द्यावीच लागते, आणि बोलणाऱ्याला कुणी पासपोर्ट विचारत नाही. २०४ ची बैठक ऑरोरातल्या क्राउझ एज्युकेशन सेंटरमध्ये होते, २०३ ची नेपरव्हिलमध्ये हिलसाइड रोडवर. विषयपत्रिका निदान ४८ तास आधी लावणं बंधनकारक आहे. ती वेबसाइटवर वाचून जा. पहिल्यांदा जाल तेव्हा नुसतं बसा आणि ऐका. कोण तयारी करून येतं, कोण कागद न वाचता बोलतं, कोणाला आकड्यांची समज आहे, हे एका संध्याकाळीही कळतं. प्रचाराच्या पत्रकात हे सापडत नाही.

दुसऱ्या-तिसऱ्या खेपेला बोला. साधारण तीन मिनिटं मिळतात. आधी नाव नोंदवावं लागतं, त्याची पद्धत विषयपत्रिकेतच दिलेली असते. आपल्याकडे तीन मिनिटांतली दोन तर मान्यवरांचे आभार मानण्यातच जातात, तसं करू नका. नाव, मूल कुठल्या शाळेत आहे, अडचण काय, आणि बोर्डाने काय करावं असं तुम्हाला वाटतं, एवढंच बोला. लिहून न्या आणि घरी घड्याळ लावून एकदा मोठ्याने वाचा. बोर्ड तिथल्या तिथे उत्तर देत नाही, शांतपणे ऐकून पुढच्याला बोलावतं. पहिल्यांदा हा अपमान वाटतो, पण तो तसा नसतो. पद्धतच तशी आहे. उत्तर नंतर ईमेलने येतं किंवा पुढच्या बैठकीच्या कामकाजात त्याचा उल्लेख येतो.

आपल्या मुलाचे मार्क, शिक्षकाशी झालेला वाद, बसमध्ये झालेली मारामारी, या गोष्टी थेट बोर्डाकडे नेऊ नका. आधी शिक्षक, मग काउन्सेलर, मग प्रिन्सिपल, मग डिस्ट्रिक्ट कार्यालय, हा क्रम इथे सगळे पाळतात. बोर्डापुढे न्यायचा तो सगळ्या मुलांना लागू होणारा प्रश्न. गणिताच्या वरच्या वर्गात प्रवेश कुठल्या निकषावर मिळतो, विशेष शिक्षणाची गरज असलेल्या मुलांसाठी किती कर्मचारी आहेत, सण पाळणाऱ्या मुलांच्या परीक्षा त्या दिवशी ठेवाव्यात का, असे.

कागद पाहायचे असतील तर माहितीच्या अधिकाराखाली लेखी मागा. आपल्याकडे आरटीआय आहे, तसंच इथे फोया म्हणतात. डिस्ट्रिक्टला साधारणपणे पाच कामकाजाच्या दिवसांत उत्तर द्यावं लागतं, हवं तर मुदतवाढ घेता येते. हाही हक्क नागरिकत्वावर अवलंबून नाही.

आणि घरात किंवा ओळखीत नागरिक असलेल्यांना विचारा, तुम्ही या निवडणुकीत मत देता का? वीस-पंचवीस वर्षांपूर्वी आलेली आपलीच माणसं राष्ट्राध्यक्षाच्या निवडणुकीत रात्र जागवतात आणि एप्रिलमधली ही निवडणूक त्यांच्या लक्षातच नसते. त्यांची मुलं कॉलेजात गेली, त्यामुळे शाळेशी संबंध संपला, असं त्यांना वाटतं. आपल्या मुलांसाठी त्यांनी मतदानाला जावं, हे मोकळेपणाने सांगायला संकोच कशाला?

पायरी ४: बोर्डाच्या हातात काय आहे, हे एका जुन्या गोष्टीतून समजून घ्या

मटिया व्हॅली हायस्कूल कसं उभं राहिलं, हे २०४ मधल्या कुठल्याही जुन्या रहिवाशाला विचारा, तासभर ऐकावं लागेल. मुलं वाढत होती, दोन हायस्कूलं अपुरी पडत होती. तिसऱ्या शाळेसाठी कर्ज काढण्याचा प्रश्न बोर्डाने मतदारांपुढे ठेवला. २००५ मध्ये लोकांनी नाही म्हटलं, २००६ मध्ये हो म्हटलं. प्रचारात चर्चा एका ठरावीक जागेची झाली होती. पुढे त्या जमिनीच्या किमतीचा निवाडा न्यायालयात ज्यूरीपुढे गेला, किंमत अपेक्षेपेक्षा खूपच जास्त ठरली आणि बोर्डाने ती जागा सोडून ऑरोरात ईओला रोडवरची दुसरी जागा घेतली. काही रहिवासी त्याविरुद्ध न्यायालयात गेले. जागा बदलली म्हणजे हद्दी बदलल्या, हद्दी बदलल्या म्हणजे कुणाचं मूल कुठे जाणार हेच बदललं. २००९ मध्ये शाळा सुरू झाली. ज्यांनी विशिष्ट हायस्कूलकडे बघून घर घेतलं होतं, त्यांच्यासाठी हा फार मोठा प्रश्न होता, आणि तो सोडवला सात जणांच्या मतांनी.

अलीकडचं उदाहरण नोव्हेंबर २०२४ चं. इमारतींची दुरुस्ती, सुरक्षा आणि इतर कामांसाठी ४२ कोटी डॉलरचं कर्ज काढायला २०४ च्या मतदारांनी मंजुरी दिली. जुनं कर्ज फिटल्यावर कराचा जो भाग कमी झाला असता, तो यामुळे पुढे चालू राहतो. अशा प्रश्नावर ‘कर वाढणार नाही’ हे वाक्य पत्रकांवर येतं, आणि ‘नाही तर कर कमी झाला असता’ हेही तितकंच खरं असतं. दोन्ही वाक्यं एकत्र वाचून मगच ठरवा.

कर्जापेक्षा नियमित येणारा निर्णय लेव्हीचा. दर वर्षी डिसेंबरच्या शेवटच्या मंगळवारपर्यंत बोर्ड पुढच्या बिलात शाळेसाठी किती रक्कम मागायची ते काउंटीला कळवतं. इथल्या काउंट्यांत कायद्याने वाढीला मर्यादा घातली आहे: महागाईचा दर किंवा पाच टक्के, यांतलं जे कमी असेल ते, शिवाय नव्या बांधकामावरचा कर. त्या मर्यादेपर्यंत जायचं की अलीकडे थांबायचं, यावर बोर्डात दर वर्षी मतदान होतं. उन्हाळ्यात बिल हातात आल्यावर चिडून काही होत नाही, तो आकडा मागच्या डिसेंबरात ठरलेला असतो. बोलायचं असेल तर नोव्हेंबर-डिसेंबरच्या बैठकीत बोला.

अभ्यासक्रमाची मानकं आणि राज्याच्या चाचण्या मात्र राज्य शिक्षण मंडळ ठरवतं. ‘मी निवडून आलो तर राज्याची चाचणी बंद करीन’ असं कुणी उमेदवार म्हणाला, तर त्याला स्वतःचं काम ठाऊक नाही असं समजा.

पायरी ५: उमेदवार पारखून घ्या

सात जागा, प्रत्येकी चार वर्षांची मुदत. दर दोन वर्षांनी एकदा तीन आणि एकदा चार जागांची निवडणूक होते. सदस्यांना पगार नाही. बॅलटवर (मतपत्रिकेवर) पक्षाचं नाव नसतं, तरी पक्ष, शिक्षक संघटना आणि नागरिकांचे गट पाठिंबा जाहीर करतात. पाठिंबा कुणाचा आहे हे जरूर पाहा, त्यावरून बरंच कळतं, पण तेवढ्यावर मत ठरवू नका.

लीग ऑफ विमेन व्होटर्सची नेपरव्हिल शाखा निवडणुकीच्या आधी उमेदवारांना एकत्र बसवून प्रश्न विचारते. डेली हेरल्ड उमेदवारांना लेखी प्रश्नावली पाठवून त्यांची उत्तरं छापतं. एका संध्याकाळी चहा घेऊन ती उत्तरं शेजारी शेजारी ठेवून वाचा. एकाच प्रश्नाला चौघांनी दिलेली उत्तरं सलग वाचली, की गुळगुळीत बोलणारा कोण आणि अभ्यास केलेला कोण, हे आपोआप वेगळं होतं.

प्रत्यक्ष भेट झाली तर मी पहिला प्रश्न हा विचारीन: गेल्या वर्षभरात बोर्डाच्या किती बैठकांना तुम्ही हजर होतात? जो कधीच गेला नाही, त्याला आता एकदम जावंसं का वाटलं, हे ऐकण्यासारखं असतं. मग लेव्हीवर तुम्ही काय मत दिलं असतं. मग, घरी दुसरी भाषा बोलणाऱ्या मुलांबद्दल. इलिनॉयमध्ये २०१३ च्या कायद्याने सील ऑफ बायलिटरसी सुरू झाली: इंग्रजीसोबत दुसरी भाषा नीट येत असल्याचं सिद्ध केलं की हायस्कूलच्या डिप्लोम्यावर तशी नोंद होते. रविवारच्या मराठी शाळेत आपली मुलं वर्षानुवर्षं जातात. त्या मेहनतीची नोंद व्हावी म्हणून मराठीची चाचणी द्यायची सोय आमच्या डिस्ट्रिक्टमध्ये कशी होईल, हा प्रश्न उमेदवाराला विचारण्याजोगा आहे. उत्तर माहीत नसेल तरी हरकत नाही, पण तो वहीत लिहून घेतो का, ते पाहा.

पायरी ६: नागरिक असाल तर नोंदणी आणि मतदान

नागरिकत्वाचा शपथविधी झाला त्याच दिवशी नोंदणी करता येते, बऱ्याचदा समारंभाच्या दारातच फॉर्म देतात. तो खिशात घालून घरी नेऊ नका, तिथेच भरा. नाही जमलं तर राज्याच्या वेबसाइटवर निवडणुकीच्या १६ दिवस आधीपर्यंत नोंदणी होते. तीही तारीख हुकली तर इलिनॉयमध्ये मतदानाच्या दिवशीसुद्धा नोंदणी करून लगेच मत देता येतं. ओळखीचे दोन पुरावे न्यायचे, त्यातल्या निदान एकावर सध्याचा पत्ता हवा. घर बदललं असेल तर पत्ताही बदलून घ्या, नाही तर जुन्या डिस्ट्रिक्टचं बॅलट हातात येईल.

ज्यांना रोज सकाळी शिकागोची मेट्रा गाडी पकडायची असते त्यांनी टपालाने मतदानासाठी एकदाच अर्ज करून कायमच्या यादीत नाव घालावं. मग प्रत्येक निवडणुकीचं बॅलट घरी येतं. पाकिटावर सही विसरू नका आणि ती नोंदणीच्या वेळच्या सहीशी जुळेल अशी करा. टपालपेटीपेक्षा काउंटीच्या ड्रॉप बॉक्समध्ये आठवडाभर आधी टाकलेलं मत मला जास्त निर्धास्त वाटतं. अर्ली व्होटिंग काउंटीच्या कार्यालयात ४० दिवस आधीपासून सुरू होतं. मतदानाच्या दिवशी केंद्रं सकाळी सहा ते संध्याकाळी सात उघडी असतात. ड्यूपेजमध्ये काउंटीतल्या कुठल्याही केंद्रावर मत देता येतं. विल काउंटीतल्यांनी आपलं केंद्र आधी तपासावं.

बॅलट लांब असतं. शहर, पार्क डिस्ट्रिक्ट, कॉलेज, टाउनशिप, आणि त्यांच्या गर्दीत कुठे तरी स्कूल बोर्ड. शेवटपर्यंत जा, मागची बाजूही उलटून पाहा. ‘चारपेक्षा जास्त नाही’ असं लिहिलेलं असतं, म्हणजे चार द्यायलाच हवेत असं नाही. दोनच उमेदवार पसंत असतील तर दोघांनाच मत द्या. नाव ओळखीचं वाटलं म्हणून उरलेले गोल भरून टाकले, तर ते मत आपल्याच पसंतीच्या उमेदवाराच्या विरोधात जाऊ शकतं. मर्यादेपेक्षा एक जरी गोल जास्त भरला तर त्या पदासाठीची आपली सगळी मतं बाद होतात.

पायरी ७: स्वतः उभं राहायचं असेल तर

आपल्यापैकी अधिक लोकांनी उभं राहावं असं मला कळकळीने वाटतं, म्हणून थोडक्यात सांगते. नागरिक, १८ वर्षं पूर्ण, नोंदणीकृत मतदार आणि त्या डिस्ट्रिक्टमध्ये निदान एक वर्ष वास्तव्य, या मुख्य अटी. बहुतेक डिस्ट्रिक्टांत ५० मतदारांच्या सह्या पुरतात. शंभर गोळा करा, कारण हरकत आली की सह्या गळतात. सह्यांची पानं क्रमांक घालून एकत्र बांधायची, प्रत्येक पान नोटराइज करायचं, उमेदवारीचं निवेदन आणि आर्थिक हितसंबंधांचं विवरण भरल्याची पावती जोडायची. २०२५ च्या निवडणुकीसाठी हे कागद १२ ते १८ नोव्हेंबर २०२४ या आठवड्यात काउंटी क्लर्ककडे द्यायचे होते. ५,००० डॉलरपेक्षा जास्त जमा किंवा खर्च झाला, की राज्याच्या निवडणूक मंडळाकडे समिती नोंदवावी लागते. कागदपत्रांतली किरकोळ चूकही उमेदवारी घालवू शकते, म्हणून आधी निवडून आलेल्या कुणाला तरी भेटून त्यांच्याकडून पानं तपासून घ्या. अशी मदत लोक आनंदाने करतात.

तारखा

इलिनॉयमध्ये ही निवडणूक विषम वर्षी एप्रिलच्या पहिल्या मंगळवारी होते. ज्यू लोकांच्या पासोव्हर सणाशी गाठ पडली तर पुढे ढकलतात. २०२३ मध्ये ती ४ एप्रिलला झाली, २०२५ मध्ये १ एप्रिलला. पुढची ६ एप्रिल २०२७ ला. त्या वर्षी गुढी पाडवा ७ एप्रिलला आहे. म्हणजे आदल्या संध्याकाळी गुढीसाठी कडुनिंब आणि साखरेच्या गाठी आणायला आपण इंडियन ग्रोसरीच्या दुकानात जाणारच आहोत. ज्यांना मत आहे त्यांनी वाटेत केंद्रावर थांबावं, सातच्या आत.